सात वाजून पाच मिनिटांनी कोण बोललं?

प्रिय ताई,

मी सांगलीतल्या एका कॉलेजात टी.वाय.ला आहे. आमच्या कॉलेजचं एफएम केंद्र आहे. वर एक सर आहेत, बाकी सगळं आम्ही मुलंच चालवतो. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात प्रसारण असतं. यंदा मी विद्यार्थी केंद्रप्रमुख आहे. रजिस्टरला चौदा नावं आहेत, येतात सहा. सकाळचा शो माझ्या अकरावीपासूनच्या मित्राकडे आहे. त्याचा आवाज छान, भाषा छान, लोक त्याच्यासाठी ऐकतात. पण गेल्या महिन्यात तीनदा तो आलाच नाही. एकदा तर सात मिनिटं काहीच वाजलं नाही. लाईट गेली होती, असं मी सरांना सांगितलं. त्याच्या घरी काहीतरी चाललंय असं वाटतं, पण तो बोलत नाही.

तिसऱ्या वेळी एफ.वाय.ची एक मुलगी तिथं होती. कर्नाटक सीमेवरच्या जत तालुक्यातली आहे, हॉस्टेलला राहते, आमचं सगळं एडिटिंग तीच करते. सात वाजून पाच मिनिटांनी तिनं आपणहून माईक उघडला, ‘नमस्कार, मी बोलतो’ म्हणाली आणि पंचवीस मिनिटं एकटीनं निभावून नेलं. नंतर कुणीतरी तेवढाच तुकडा ग्रुपवर टाकला. सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून ती माईकजवळ येत नाही. एडिटिंग करते आणि गुपचूप निघून जाते. सकाळचं काय ते ठरव, असं सर म्हणतात. त्याला काढलंस तर आम्हीही जाऊ, असं चौघं म्हणतात. मी एप्रिलमध्ये कॉलेज सोडणार. काय करू?

स्टुडिओतली, सांगली

प्रिय स्टुडिओतली,

‘मीही हसले’ हे तू लिहिलंस. लिहिलं नसतंस तर मला कळलंही नसतं. ते लिहिलंस म्हणूनच मी तुझ्याशी मोकळेपणानं बोलणार आहे.

तू विचारलंयस मित्राचं काय करू. पण पत्रात जीव ओतून लिहिलंयस ते त्या मुलीबद्दल. मीही तिच्यापासूनच सुरुवात करते.

मी बावीस वर्षं नैमित्तिक निवेदिका म्हणून माईकसमोर बसले, त्यामुळे ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. एडिटिंगच्या खोलीत ती कानाला हेडफोन लावून बसली असेल. सात वाजले, सिग्नेचर ट्यून वाजून संपली आणि पुढं काहीच नाही. पहिलं मिनिट वाटलं असेल, येईल आता, जिन्यावर असेल. दुसऱ्या मिनिटाला तिनं दाराकडं पाहिलं असेल. मग तो जड दरवाजा ढकलून ती आत गेली, पंखा बंद केला, खुर्चीत बसली आणि फेडर, म्हणजे माईकचा आवाज उघडायची पट्टी, वर सरकवला. समोर कार्यक्रमांचा क्रम सांगणारी क्यू शीट नाही, लिहिलेला कागद नाही, काचेपलीकडं इशारा करायला माणूस नाही. तुमच्यापैकी किती जणांनी असं केलं असतं? मी माझ्या पहिल्या वर्षी केलं नसतं. मी घाबरून ड्युटी रूमकडं पळाले असते.

पंचवीस मिनिटं ती काय बोलली, हे तू लिहिलेलं नाहीस. तुला माहीत तरी आहे का? ग्रुपवर फिरला तो पहिल्या वाक्याचा तुकडा. परवान्याच्या अटीप्रमाणे प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं, म्हणजे ती सकाळ तुमच्या संगणकात आहे. आज संध्याकाळी सगळे गेल्यावर एकटी बस आणि ती पंचवीस मिनिटं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक. बाकी काहीही ठरवण्याआधी हे कर.

आता ‘मी बोलतो’बद्दल. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, हे तुला मी काय सांगू? मला खात्री आहे, त्या हसणाऱ्यांपैकी दोघी-तिघी घरी आईशी असंच बोलत असतील. मग हसू कशाचं आलं? माईकसमोर भाषेला इस्त्री मारायची असते, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की कुणी न मारता बोललं की आपल्यालाच उघडं पडल्यासारखं वाटतं. मीही वर्षानुवर्षं त्या इस्त्रीतली भाषा बोलले. तेव्हा ती रीतच होती आणि तिचा मला राग नाही. पण तुमचं केंद्र त्यासाठी काढलेलं नाही. सरकारनं २००२ साली शिक्षणसंस्थांना असं केंद्र चालवायची मुभा दिली. कम्युनिटी रेडिओच्या, म्हणजे तुमच्यासारख्या केंद्रांच्या, २००६ च्या धोरणात तर स्पष्टच लिहिलंय की कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत आणि निदान निम्मे तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत. सरांकडं त्याची प्रत असेल, मागून घे आणि ग्रुपला वाचून दाखव. तुमच्या सहा जणांत त्या अटीला धरून कुणी बोललं असेल तर तीच.

आणि सांगलीनं बोलीला हसावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि असं काही मराठीत करा म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातून १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. ज्या नाटकामुळं आपण या गावाला नाट्यपंढरी म्हणतो, त्याचं बी कानडी मुलखातून आलं. जतच्या मराठीत कानडीचा हेल येतो तोही त्याच वाटेनं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून चालू आहे. त्यावर माणच्या बायाबापड्या आपल्याच भाषेत बोलतात आणि माणदेशातली माणसं ते कान देऊन ऐकतात.

थोडं अंतराचंही बघ. तुमच्यासारख्या केंद्राला शंभर वॅटची मर्यादा असते, अँटेना तीस मीटरपेक्षा उंच नेता येत नाही, आवाज जातो जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर. जत तिथून ऐंशी किलोमीटरच्या पुढं. तिच्या आईला तिचा आवाज कधी ऐकू येणार नाही. पण मिरजेला येईल. मिरजेच्या दवाखान्यांत जतहून, अथणीहून, विजापूरकडून माणसं येतात आणि आठ-आठ दिवस खाटेशेजारी बसून असतात. सकाळी सातला चहा आणायला खाली उतरलेल्या अशा एखाद्या बाईला टपरीवर आपल्या गावाकडचा हेल ऐकू आला, तर ती दोन मिनिटं तिथंच थांबेल. तुझ्या मित्राचा आवाज कितीही गोड असला तरी ते त्याच्याकडून व्हायचं नाही.

म्हणजे भाषेत काही बघायचंच नाही, असं मी म्हणत नाही. शब्द स्पष्ट यायला हवा. वाक्याच्या शेवटी आवाज गिळला जाऊ नये. ‘प’ आणि ‘फ’ माईकवर आदळू नयेत, त्यासाठी माईक तोंडासमोर सरळ न धरता जरा तिरपा, वीतभर अंतरावर ठेवावा. कागद उलटताना सळसळ होऊ नये. हे सगळं आठ दिवसांत शिकता येतं आणि तुमच्या गोड आवाजाच्या मंडळींनाही त्याची गरज असेल. ते तिला शिकव. ‘बोलतो’चं ‘बोलते’ करायला शिकवू नकोस.

तिच्याशी बोलायला जाशील तेव्हा माईकचा विषय आधी काढू नकोस. आधी ग्रुपवर लिही, सगळ्यांना दिसेल असं: “मी हसले, ते चुकलं. त्या दिवशी हिनं केंद्र वाचवलं. तो तुकडा ज्यांनी पुढं पाठवलाय त्यांनी काढून टाका.” ज्यानं टाकला त्याला वेगळं गाठ आणि त्याच्यासमोर तो काढून घे. त्यानंतर हॉस्टेलवर जा. चहाला ने. “मी तुझी पंचवीस मिनिटं पूर्ण ऐकली,” एवढं म्हण आणि त्यातलं तुला आवडलेलं एखादं वाक्य तिला सांग. खोटी स्तुती तिला लगेच ओळखू येईल. दिवसभर लोकांचे आवाज कापणाऱ्या माणसाचा कान फार तयार असतो. सकाळचं विचारायचं ते सगळ्यात शेवटी, आणि नाही म्हणायची मुभा देऊन.

ती हो म्हणाली तर एक सांभाळ. आजवर एडिटिंग तिच्या गळ्यात होतं, आता सकाळही तिच्याच गळ्यात आणि एडिटिंगही तिच्याचकडं, असं होऊ देऊ नकोस. कामाच्या माणसावर काम वाढत जातं आणि एक दिवस ते माणूस न बोलता निघून जातं. ज्यानं रेकॉर्ड केलं त्यानं कापायचं, हा नियम सोमवारपासून लाव. सकाळी दोघं हवेत, एक माईकवर, एक कन्सोलवर. पहिला आठवडा कन्सोलवर तू बस.

आता लाईटचं.

माझं नवीन असतानाचं सांगते. दुपारच्या प्रसारणात अर्ध्या तासाची टेप लावली आणि मी कँटीनला गेले. टेप मधेच तुटली. मी परत आले तेव्हा स्पूल मोकळाच फिरत होता, त्याचं टोक दर फेऱ्याला फट्‌ फट्‌ आपटत होतं, आणि हवेत शांतता. दोन मिनिटं तरी झाली असतील. मी धडधडत्या छातीनं दुसरी टेप लावली आणि लॉगबुकात लिहिलं, ‘तांत्रिक बिघाड’. ड्युटी ऑफिसर संध्याकाळी आले. त्यांनी ते वाचलं, खिशातलं पेन काढून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, “परत लिहा.” ओरडले नाहीत. मी लिहिलं: टेप तुटली, निवेदिका जागेवर नव्हती. त्यांनी खाली सही केली आणि घरी गेले. त्या एका सहीनं मला पुढची वीस वर्षं खुर्चीतून उठू दिलं नाही.

सरांकडं जा आणि लाईट गेली नव्हती हे सांग. तसंही सात मिनिटांची ती शांतता रेकॉर्डिंगमध्ये जशीच्या तशी असणार, कधीतरी कुणीतरी ऐकेलच. पण पकडली जाशील म्हणून सांग, असं मला म्हणायचं नाही. खोटी नोंद झाली की खरं कारण झाकलं जातं, आणि मग पुढच्या वेळीही तेच घडतं. तू पहिल्यांदाच खरं सांगितलं असतंस तर दुसरी आणि तिसरी खेप कदाचित झालीच नसती, आणि तुझ्या मित्राला मदत मिळायचा रस्ताही लवकर उघडला असता.

हो, मित्र. त्याला मी विसरलेले नाही. न सांगता तीनदा गैरहजर राहणारा मुलगा आळशीच असेल असं नाही. घरी कुणी आजारी असेल, वडिलांचं काम गेलं असेल, तो पहाटे कुठं कामाला जात असेल. तू अकरावीपासूनची मैत्रीण, तुझा विचारायचा हक्क आहे. पण चौघांसमोर नको, फोनवरही नको. घाटावर जा, आमराईत जा, कुठंही, पण स्टुडिओबाहेर. आणि विचारताना शोची गोष्ट मधे आणू नकोस. तो बोलला तर ऐक. नाही बोलला तर नाही. मग सरळ सांग: “तुझा आवाज मला हवाय. पण सातची वेळ तुला झेपत नाही. संध्याकाळी पाचचा शो घे. तिथंही न सांगता चुकलास तर मी दुसऱ्याला देईन.” जमणार नसेल त्या दिवशी आदल्या रात्री नऊच्या आत एक मेसेज टाकायचा, एवढीच अट घाल. अडचण कुणालाही येते. सातला रेडिओ लावून बसलेल्या माणसाला मात्र तुमची अडचण कळत नाही, त्याला फक्त शांतता ऐकू येते.

तो रागावेल. काही दिवस बोलणार नाही, असंही होईल. मैत्रीण म्हणून तुला ते लागेल, आणि त्यावर माझ्याकडं औषध नाही. पण त्याला झाकत राहिलीस तर तू त्याच्यावर मनातल्या मनात चिडत जाशील, आणि मैत्री त्यानंही जाते.

ते चौघं जातील म्हणतात, तर जाऊ दे. समजूत घालत बसू नकोस. फक्त जाण्याआधी ज्याच्याकडं जे अर्धं काम आहे ते पुरं करून द्या म्हणावं. माणसं कमी झाली तर सरांशी बोलून सकाळचं प्रसारण दोनाचं एक तासावर आण, आणि ते आधी आठवडाभर श्रोत्यांना सांग. सात ते आठ रोज नेमानं वाजलं तर लोक त्यावर घड्याळ लावतील. शिवाय पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम कायम तयार ठेवा, संगणकाच्या पडद्यावर सगळ्यात वर, नाव द्या ‘आधी हे लावा’. धावत आलेल्या कुणालाही तो शोधावा लागू नये.

मी त्या सात मिनिटांसाठी एवढी का अडून बसले आहे, तेही सांगते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. पंचेचाळीसला धोका असतो, तू सांगलीची आहेस, तुला ते आकडे पाठ असतील. आमच्या भागात वीज नव्हती, मोबाईल एकेक करून बंद पडले. आम्ही एका शाळेत होतो. तिथं एक आजोबा सेलवरचा छोटा रेडिओ कानाला लावून भिंतीला टेकून बसायचे. आवाज बारीक ठेवायचे, सेल पुरावेत म्हणून. दर थोड्या वेळानं कुणीतरी त्यांना विचारायचं, “काय म्हणत्यात?” ते हात वर करायचे, थांबा म्हणून, आणि मग सांगायचे: कोयनेतून किती सोडलंय, पाऊस कुठं आहे, कुठला रस्ता बंद झालाय. चाळीस-पन्नास माणसं त्या एका कानावर होती. त्या दिवसांत त्या डबीतून सात मिनिटं काही आलं नसतं, तर त्या खोलीत काय झालं असतं, हे मी अजून मनात आणू शकत नाही.

तुमच्या केंद्रावरून स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण हवामान, वाहतूक, वीज-पाण्याच्या सूचना देता येतात. पुन्हा पाणी चढेल तेव्हा नदीकाठची माणसं तुमचं स्टेशन लावतील की नाही, ते या साध्यासुध्या सकाळींवर ठरणार. रोज सातला आवाज येतो ही सवय आधी लागायला हवी, ती पुरात लागत नाही. आणि त्या वेळी खुर्चीत कोण असलेलं तुला आवडेल, याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे.

एप्रिलला फार दिवस नाहीत. नवी मुलं घेताना आवाजाची परीक्षा घेऊ नका. प्रत्येकाला सांगा, आपल्या गावचा तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून आणा. कुणी मार्केट यार्डातले हळदीचे सौदे आणेल, कुणी मिरजेतल्या कारागिराचं तंबोऱ्याची जवारी लावणं, कुणी तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसलेल्या बायकांच्या गप्पा. जो तीन मिनिटांसाठी उन्हात तासभर उभा राहिला, तो सकाळी सातलाही येईल. ती आणलेली रेकॉर्डिंग ऐकायला त्या मुलीला तुझ्या शेजारी बसव. निवड दोघींनी मिळून करा, आणि तुमचं एकमत झालं नाही तर तिचं ऐक, कारण पुढच्या वर्षी तिथं ती असणार आहे.

स्टुडिओची एक किल्ली सरांकडं आणि दुसरी तुझ्याकडं असेल. ती हो म्हणाली, तर त्याच दिवशी तुझ्याकडची तिला दे. रजिस्टरला नोंद करून, तिची सही घेऊन.

तुझी,
ताई